संगणकाचा दुभाष्या घरी घडवू या

संगणकाला आपण विचारतो, २ + ३ * ५ किती? (कळफलकावर गुणाकाराची फुली नसते, म्हणून तेथे तारा वापरतात.) उत्तर येते १७. शाळेत 'कंचेभागुबेव' घोकलेल्या कोणालाही हे उत्तर बरोबर वाटेल. आधी गुणाकार, मग बेरीज. पण मित्रहो, संगणकाला हा नियम कोणी सांगितला? डावीकडून उजवीकडे सरळ जाऊन त्याने २५ असे उत्तर का दिले नाही?

संगणकाच्या पोटातल्या प्रोसेसरला विचारून उपयोग नाही. त्याला दोन संख्यांची बेरीज करता येते, गुणाकार करता येतो, एका जागची संख्या दुसऱ्या जागी ठेवता येते. कोणती क्रिया आधी करायची, हे त्याला ठाऊक नसते. ज्या क्रमाने आज्ञा मिळतात, त्या क्रमाने तो त्या पाळतो. आणि या आज्ञाही निव्वळ आकड्यांच्या रूपात असाव्या लागतात. '२ + ३ * ५' ही ओळ त्याच्या दृष्टीने काहीच नाही. म्हणजे आपण आणि प्रोसेसर यांच्यामध्ये कोणीतरी तिसरा बसलेला आहे. तो आपली ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि प्रोसेसरकडून काम करवून घेतो. इंग्रजीत त्याला 'इंटरप्रिटर' म्हणतात. आपण त्याला दुभाष्या म्हणू.

हा दुभाष्या म्हणजे यंत्राचा भाग नव्हे. तीसुद्धा एक आज्ञावलीच असते, आणि कोणा माणसाने ती ओळ न् ओळ लिहिलेली असते. ती मिळवून वाचता येते, तिच्यात फेरफार करता येतो, आणि तिच्यापासून चालता-बोलता दुभाष्या आपल्या घरच्या संगणकावर घडवता येतो. आज आपण तेच करणार आहोत.

दुभाष्या आणि अनुवादक

आधी दोन शब्दांमधला फरक नीट समजून घेऊ, कारण पुढे दोघांचीही गरज पडणार आहे.

समजा, एक जपानी पाहुणा गावात आला आणि त्याच्याबरोबर दुभाष्या आहे. पाहुणा एक वाक्य बोलतो, दुभाष्या लगेच ते मराठीत सांगतो. पाहुणा जाईपर्यंत दुभाष्याला सोबत राहावेच लागते. याउलट जपानी पुस्तकाचा अनुवाद करणारा मनुष्य सबंध पुस्तक घेऊन बसतो, महिना-दोन महिन्यांनी मराठी पुस्तक हाती देतो आणि निघून जातो. पुस्तक वाचताना तो शेजारी असावा लागत नाही.

संगणकाच्या जगात या दुसऱ्या प्रकाराला 'कंपायलर' म्हणतात. तो आपल्या आज्ञावलीचा सबंध मजकूर घेतो आणि प्रोसेसरला थेट कळेल अशा यंत्रभाषेत उतरवून देतो. त्याला आपण अनुवादक म्हणू. माणसाने लिहिलेल्या मजकुराला मूळ संहिता म्हणतात.

आता गंमत अशी, की दुभाष्या हीच एक आज्ञावली असल्यामुळे तिची मूळ संहिता प्रोसेसरला कळत नाही. ती आधी अनुवादकाकडून यंत्रभाषेत उतरवून घ्यावी लागते. दुभाष्या जन्माला येण्यासाठी अनुवादक लागतो! आणि जेव्हा अनुवादक नव्हता, तेव्हा?

तेव्हा हे काम माणसाने हाताने केले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५८ सालापासून जॉन मॅकार्थी हे गणिती 'लिस्प' नावाची भाषा आखत होते. एखादी राशी दिली असता तिची किंमत कशी काढावी, याचा सर्वसाधारण नियम त्यांनी त्याच भाषेत कागदावर मांडला. त्याला त्यांनी 'इव्हॅल' असे नाव दिले. हा नियम त्यांच्या मते वाचण्यासाठी होता, चालवण्यासाठी नव्हता. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्टीव्ह रसेल या तरुणाने तो वाचला आणि म्हटले, मी याची आज्ञावली करतो. तुम्ही सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करता आहात, असे मॅकार्थींनी त्याला सुनावले. रसेलने ऐकले नाही. कागदावरची एकेक ओळ घेऊन तिच्यासाठी आयबीएम ७०४ या यंत्राच्या कोणत्या आज्ञा लागतील हे त्याने स्वतः ठरवले, वाटेत सापडलेल्या चुका दुरुस्त केल्या, आणि लिस्पचा दुभाष्या चालू झाला. ही हकीकत पुढे मॅकार्थींनीच सांगितली आहे. पुढे १९६२ च्या सुमारास याच रसेलने मित्रांच्या मदतीने 'स्पेसवॉर' हा संगणकावरचा प्रसिद्ध खेळ रचला. गुरूने 'हे होणार नाही' म्हटल्यावरही शांतपणे कामाला लागणारे विद्यार्थी मला नेहमीच आवडत आले आहेत.

रिओचा चंद्र

आपल्याला घरी घडवायला सोपा असा दुभाष्या हवा. मी 'लुआ' या भाषेचा निवडतो. त्याची संहिता लहान आहे, नीटनेटकी आहे आणि ती वापरण्यास, बदलण्यास व वाटण्यास पूर्ण मोकळीक आहे.

लुआचा जन्म १९९३ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो या शहरातल्या कॅथलिक विद्यापीठात झाला. तेथील 'टेकग्राफ' या गटात काम करणारे रोबेर्तो येरुसालिम्स्की, वाल्देमार सेलेस आणि लुईस एन्रीके दे फिगेरेदो हे तिचे कर्ते. त्यामागे एक कारण होते. १९७७ पासून १९९२ पर्यंत ब्राझीलने परदेशी संगणक आणि आज्ञावली यांच्या आयातीवर कडक बंधने घातली होती. पेट्रोब्रास या तेल कंपनीसारख्या टेकग्राफच्या ग्राहकांना हवी तशी आज्ञावली बाहेरून आणवणे अवघड होते. तेव्हा लागेल ते साधन घरीच करायचे, अशी या मंडळींना सवय लागली. त्यांनी आधी दोन छोट्या भाषा केल्या होत्या. त्यांपैकी एकीचे नाव 'सोल', म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. दोन्ही भाषांची गरज भागवणारी नवी भाषा तयार झाली, तेव्हा एका मित्राने सुचवले, सूर्यानंतर चंद्र! पोर्तुगीजमध्ये चंद्राला 'लुआ' म्हणतात. आज ही भाषा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सारख्या खेळांच्या पोटात बसून काम करते.

लुआचा दुभाष्या सी या भाषेत लिहिलेला आहे. २०२० साली निघालेली ५.४ ही आवृत्ती आपण घेऊ. सी भाषेच्या सुमारे ३०,००० ओळी, तीसहून अधिक फायलींमध्ये विभागलेल्या. छापल्या तर पाचशे-सहाशे पानांचा ग्रंथ होईल. आकडा ऐकून घाबरू नका. आपल्याला त्यातील तीन-चार फायलीच उघडायच्या आहेत.

यात काय असते? समजा, आपण अशी ओळ दिली:

किंमत = दर * वजन + भाडे

(खरे तर मूळ लुआला देवनागरी अक्षरे नावांत चालत नाहीत, ते पुढे पाहू.) पहिली फाईल 'एल-लेक्स' या नावाची. हिचे काम शब्द सुटे करण्याचे. ती ओळ अक्षर अक्षर वाचते आणि सात तुकडे करते: किंमत, बरोबरचे चिन्ह, दर, तारा, वजन, अधिक, भाडे. दुसरी फाईल 'एल-पार्सर'. ही व्याकरण पाहते. कोणता तुकडा कोणाशी जोडायचा, वाक्य पुरे झाले की नाही, हे ती ठरवते आणि त्यातून छोट्या छोट्या आज्ञांची यादी बनवते: दर आणि वजन यांचा गुणाकार कर, आलेल्या उत्तरात भाडे मिळव, बेरीज 'किंमत' या नावाखाली ठेव. या आज्ञा खऱ्या प्रोसेसरच्या नव्हेत. त्या एका काल्पनिक यंत्राच्या आहेत आणि त्यांचे प्रकार ऐंशीच्या आसपास आहेत. तिसरी फाईल 'एल-व्हीएम' म्हणजे तेच काल्पनिक यंत्र. तिच्या मध्यभागी एक कधीच न थकणारा फेरा आहे: पुढची आज्ञा उचल, ती कोणत्या प्रकारची ते पाहा, तसे कर, पुन्हा पुढची उचल. दुभाष्याचे हृदय म्हणतात ते हेच.

राहिलेल्या फायलींत स्मृतीची साफसफाई, अक्षरमाला ठेवण्याची कोठारे, गणिताची व फायली वाचण्याची साधने इत्यादी आहेत. त्यांच्याकडे आज वळायला नको.

भट्टी लावणे

लागणारे साहित्य: लिनक्स असलेला कोणताही संगणक (छोटा रास्पबेरी पाय असला तरी पुरे), त्यावर सी भाषेचा अनुवादक आणि 'मेक' नावाची आज्ञावली. लुआची संहिता तिच्या अधिकृत संकेतस्थळावर एका आवळलेल्या गाठोड्याच्या रूपात मिळते. गाठोडे साडेतीनशे किलोबाइटच्या आसपास असते, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राहूनही बहुधा लहान. ते सोडून आपल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. सगळे काम त्या कप्प्यातच होईल आणि संगणकावर आधीपासून असलेल्या कशालाही धक्का लागणार नाही.

आता 'मेक' अशी आज्ञा द्या. पडद्यावर ओळींची रांग धावू लागेल. तिच्यात काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे.

अनुवादक एका वेळी एकच फाईल हाती घेतो. ती वाचताना त्याला अडचण येते: या फाईलमध्ये दुसऱ्याच फाईलमधल्या कामाला हाक मारलेली असते. ते काम कसे चालते हे त्याला ठाऊक नसते, पण त्याला काय काय द्यायचे आणि त्याच्याकडून काय परत मिळायचे, एवढे कळले तरी भागते. ही माहिती 'हेडर' नावाच्या छोट्या फायलींत असते. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर कार्याची वेळ आणि जागा असते, स्वयंपाकाची कृती नसते, तसेच हे. त्या आधारे अनुवादक फाईल यंत्रभाषेत उतरवतो आणि जेथे दुसरीकडच्या कामाचा पत्ता लागतो तेथे कोरी जागा सोडून देतो.

अशा तीसहून अधिक अर्धवट फायली तयार झाल्या, की 'लिंकर' हा जोडणीवाला येतो. तो सर्व फायली एकापुढे एक मांडतो, कोणते काम कोठे आले हे पाहतो आणि कोऱ्या जागा खऱ्या पत्त्यांनी भरतो. एखादा पत्ता मिळालाच नाही तर तो अडून बसतो. उदाहरणार्थ, घातांकाचे गणित लुआने स्वतः लिहिलेले नाही, ते सी भाषेच्या गणिती संग्रहातून येते. तो संग्रह जोडायला सांगितले नाही, तर सर्व फायलींचा अनुवाद बिनचूक झालेला असूनही जोडणी फसते. घडवण्याच्या कामात अडचण आली, की पडद्यावर तक्रारींच्या वीस-पंचवीस ओळी येतात. नवखा विद्यार्थी शेवटची ओळ वाचून गोंधळतो. नेहमी पहिली तक्रार वाचावी. पुढच्या बहुतेक तिचीच पिलावळ असते.

'मेक' ही आज्ञावली या सगळ्याची मुकादम. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती १९७६ साली लिहिली. कोणती वस्तू कशापासून बनते, याची यादी तिला दिलेली असते. ती प्रत्येक फाईल शेवटची कधी बदलली हे पाहते आणि संहिता नवी व अनुवाद जुना असेल, तेवढ्याच फायलींचा अनुवाद पुन्हा करवते. युक्ती साधीच, पण मोठ्या आज्ञावलीत तासांचे काम मिनिटांवर आणणारी.

लुआला तेवढाही वेळ लागत नाही. अलीकडच्या संगणकावर काही सेकंदांत भट्टी उतरते आणि कप्प्यात 'लुआ' नावाची एक नवी फाईल दिसू लागते. ती चालवा. २ + ३ * ५ विचारा. आकडे मात्र रोमन वळणाचे घाला. उत्तर १७.

नियम कोठे आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'एल-पार्सर' ही फाईल उघडा आणि 'प्रायॉरिटी' हा शब्द शोधा. तेथे एक छोटे कोष्टक आहे. प्रत्येक चिन्हासमोर दोन आकडे आहेत: चिन्ह डावीकडच्या राशीला किती जोराने धरते आणि उजवीकडच्या राशीला किती जोराने धरते. बेरजेसमोर १०, १०. गुणाकारासमोर ११, ११. बस्स! '२ + ३ * ५' मध्ये मधल्या ३ ला एका बाजूने बेरीज १० च्या जोराने ओढते आणि दुसऱ्या बाजूने गुणाकार ११ च्या जोराने. गुणाकार जिंकतो. वर्गात आपण घोकलेला नियम येथे दोन आकड्यांच्या रूपात बसला आहे.

बेरजेसमोरच्या दोन्ही १० च्या जागी १२ लिहा. फाईल जपून ठेवा. पुन्हा 'मेक'. या वेळी एकाच फाईलचा अनुवाद होईल आणि जोडणी. नवा दुभाष्या चालवून तोच प्रश्न विचारा.

उत्तर २५.

यंत्र बिघडलेले नाही. प्रोसेसर तोच आहे, त्याने बेरीज आणि गुणाकारही अचूकच केले. बदलला तो दुभाष्या. 'संगणक सांगतो म्हणजे बरोबरच' असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला हा प्रयोग अवश्य दाखवा. (आणि मग १२ पुसून पुन्हा १० करायला विसरू नका.)

मराठी बोलणारा चंद्र

एक पाऊल पुढे जाऊ. लुआमध्ये २२ राखीव शब्द आहेत: इफ, देन, एंड, व्हाइल, लोकल वगैरे. ते इंग्रजीच का? कर्ते तर ब्राझीलचे, त्यांची भाषा पोर्तुगीज! जगभर सगळ्यांनी तसे केले म्हणून त्यांनीही केले, एवढेच. यंत्राला इंग्रजीचे काहीही प्रेम नाही.

प्रथम मूळ दुभाष्याला 'जर' या शब्दाने सुरू होणारी ओळ देऊन पाहा. तो २२४ या आकड्याकडे बोट दाखवून अनपेक्षित चिन्ह आल्याची तक्रार करील. हा २२४ कोठून आला? देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात सामान्यतः तीन बाइटांत साठवतात, आणि त्यांतील पहिल्या बाइटची किंमत २२४ असते. 'नमस्कार' या शब्दाची लांबी लुआला विचारली, तर उत्तर २१ येते! आपण न, म, स्का, र अशी चार अक्षरे मोजतो. संगणकाच्या लेखी न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र अशी सात चिन्हे आहेत, आणि सात त्रिक एकवीस.

असे बाइट नावांत चालवून घ्यावेत की नाहीत, हे 'एल-सीटाइप' या फाईलमधील एका कोष्टकावर ठरते. लुआच्या कर्त्यांनी येथे एक खिडकी ठेवली आहे. 'लुआ-यूसीआयडी' नावाची खूण अनुवादकाला दिली, की इंग्रजीबाहेरची सर्व चिन्हे अक्षरे म्हणून धरली जातात. ती खूण घालून सबंध संहिता पुन्हा घडवा. आता 'किंमत' आणि 'भाडे' ही नावे चालू लागतील.

राखीव शब्दांची यादी 'एल-लेक्स' मध्ये, सुरुवातीलाच आहे. 'इफ' च्या जागी 'जर', 'देन' च्या जागी 'तर', 'एंड' च्या जागी 'संपले', 'लोकल' च्या जागी 'स्थानिक' लिहा. दोन पथ्ये पाळा. शब्दांचा क्रम मुळीच बदलू नका, कारण दुभाष्या त्यांना क्रमांकाने ओळखतो. आणि कोणताही शब्द चाळीस बाइटांपेक्षा मोठा नको, म्हणजे फार तर तेरा चिन्हे. त्याहून लांब अक्षरमाला लुआ वेगळ्या कोठारात ठेवते आणि तेथे राखीव शब्द शोधतच नाही. छापण्याच्या कामाचे 'प्रिंट' हे नाव राखीव शब्दांत नाही. ते 'एल-बेसलिब' या फाईलमध्ये सापडेल. तेथे 'छापा' करा. मग 'मेक', आणि हा मजकूर त्याच्यापुढे ठेवा:

स्थानिक नाव = "सावली"
जर नाव == "सावली" तर
    छापा("नमस्कार, " .. नाव)
संपले

पडद्यावर उमटेल: नमस्कार, सावली.

काही गमती लगेच ध्यानात येतील. 'संपले' लिहायचे राहिले, तर तक्रार निम्मी इंग्रजी आणि निम्मी मराठी येते, कारण वाक्य एकीकडून येते आणि राखीव शब्द आपल्या यादीतून. देवनागरी १२ छापायला सांगितले तर बारा छापले जात नाहीत. आपण सर्व देवनागरी चिन्हांना अक्षर म्हणायला सांगितले ना! म्हणून दुभाष्या १२ हे एखाद्या वस्तूचे नाव समजतो, तशी वस्तू त्याला आढळत नाही आणि तो 'निल', म्हणजे काही नाही, असे छापतो. 'रिटर्न' बदलला, तर आणखी एक चमत्कार. एरवी नुसते '२ + ३' लिहिले तरी लुआ उत्तर देते, ते आता देईनासे होते. कारण 'लुआ' या मुख्य फाईलमध्ये आपल्या ओळीच्या आधी 'रिटर्न' हा शब्द गुपचूप जोडला जातो, आणि तेथे तो इंग्रजीतच राहिलेला असतो. शोधा आणि बदला.

मराठी शब्दांची ही भाषा रोज वापरावी, असे माझे म्हणणे नाही. तिच्यात लिहिलेले दुसऱ्या गावच्या लुआला कळणार नाही. परंतु भाषेचे शब्द आणि नियम कोठे ठेवलेले असतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की दुभाष्याबद्दलची भीती जाते.

अनुवादकाचा अनुवादक

आता एक अडचणीचा प्रश्न. दुभाष्याची संहिता आपण वाचली. पण ती यंत्रभाषेत उतरवली सी भाषेच्या अनुवादकाने. संहितेत जे होते तेच त्याने उतरवले, हे कशावरून? त्याचीही संहिता वाचता येईल. पण तो स्वतः कोणत्या भाषेत लिहितात? अनेक सी-अनुवादक सी भाषेतच लिहिले गेले! म्हणजे त्याला घडवायला आधीचा अनुवादक हवा, त्याला त्याच्या आधीचा. कोंबडी आधी की अंडे, तसलाच प्रकार. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला 'जीसीसी' हा अनुवादक घडवताना तर तीन फेऱ्या करतात. हाताशी असलेल्या जुन्या अनुवादकाकडून नवा घडवायचा, त्या नव्याकडून पुन्हा तोच घडवायचा, आणि तिसऱ्यांदा पुन्हा. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतले फळ तंतोतंत सारखे आले, तर काम नीट झाले असे मानायचे.

तरीही एक फट राहते, आणि ती केन थॉम्प्सन यांनी जगाला दाखवली. 'युनिक्स' या प्रणालीबद्दल त्यांना आणि डेनिस रिची यांना १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या निमित्ताने केलेले थॉम्प्सन यांचे भाषण १९८४ साली छापून आले. त्यात त्यांनी सांगितलेली युक्ती अशी. अनुवादकात एक छुपी कलम घालायची: संगणकात प्रवेश देणारी, परवलीचा शब्द तपासणारी आज्ञावली अनुवादासाठी आली, की तिच्यात गुपचूप एक चोरदरवाजा सोडायचा. पण ही कलम अनुवादकाच्या संहितेत कोणी वाचील. म्हणून दुसरी कलम: खुद्द अनुवादकाची संहिता अनुवादासाठी आली, की तिच्यात या दोन्ही कलमा आपोआप मिसळायच्या. एवढे करून अनुवादक एकदा घडवायचा आणि मग संहितेतून दोन्ही कलमा पुसून टाकायच्या. संहिता आता गंगाजळासारखी निर्मळ! पण तिच्यापासून घडणारा प्रत्येक नवा अनुवादक चोरदरवाजा पुढे नेतच राहतो, कारण त्याला घडवणारा आधीचा अनुवादक भेसळीचा आहे. दुधाला लावलेले विरजण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा गुण पुढच्या प्रत्येक दह्यात उतरतो, तसे.

यावर उपाय काय? एक उपाय डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली मांडला: एकच संहिता दोन अगदी वेगळ्या घराण्यांच्या अनुवादकांकडून घडवून घ्यायची, त्यांच्याकडून पुन्हा तीच घडवायची आणि शेवटची फळे बाइटगणिक ताडून पाहायची. भेसळ एकात असेल, तर फरक उघडा पडतो.

दुसरा उपाय अधिक कष्टाचा आणि मला अधिक देखणा वाटणारा. विरजणच नको, मुळापासून चढत यायचे! 'ग्नू गिक्स' या प्रकल्पातील मंडळींनी २०२३ साली अशी शिडी उभी केल्याचे जाहीर केले. तिची पहिली पायरी म्हणजे फक्त ३५७ बाइटांची एक आज्ञावली. ती एकच काम करते: सोळा-अंकी पद्धतीत लिहिलेल्या आकड्यांच्या जोड्या वाचायच्या आणि त्यांचे बाइट करायचे. तिच्या जोरावर तिच्याहून किंचित शहाणी आज्ञावली, तिच्या जोरावर आणखी शहाणी, असे करत सी भाषेचा एक साधा अनुवादक, मग जीसीसीची जुनी आवृत्ती, मग नवी. ३५७ बाइट म्हणजे ७१४ अंक. ते या मासिकाच्या एका पानावर सहज मावतील, आणि कोणताही चिकाटीचा विद्यार्थी प्रोसेसरची माहितीपुस्तिका शेजारी ठेवून पेन्सिलीने त्यांतील प्रत्येक अंकाचा अर्थ लावू शकेल. अर्थात, ही शिडीही एका तयार प्रणालीवर आणि तयार प्रोसेसरवर उभी असते. प्रोसेसरच्या पोटात काय आहे, ते पेन्सिलीने तपासता येत नाही.

करून पाहा

बेरजेसमोर १२ लिहून घडवलेला दुभाष्या (वजाबाकीसमोरचे १० तसेच ठेवून) १० - ४ + ३ चे काय उत्तर देईल? आणि २ * ३ + ४ चे? कोणते चिन्ह मधल्या राशीला अधिक जोराने ओढते हे पाहून उत्तरे आधी कागदावर काढा, मग यंत्राला विचारा.